बैठक गुण्यात (काटकोनात) नसेल तर

प्रश्न : अमळनेरला वाटणीत जुन्या वाड्याची बैठक आमच्याकडे आली. खोली गोमुखी आहे. पुढे ८ फूट रुंद, मागे ११ फूट, लांबी १९ फूट. उजवी भिंत जुनी, मातीची, सरळ. डावीकडची भिंत वाटणीनंतर साडेचार इंची विटांत बांधली, ती तिरपी गेली. पुढचं दार आणि स्वयंपाकघराचं दार दोन्ही डाव्या अंगाला, कूलरची खिडकी पुढे उजवीकडे. तिघांचा सोफा डाव्या भिंतीला लावलाय, पण खोली वाकडी दिसते आणि येता-जाता गुडघे आपटतात. सोफा, ६ बाय ३ चा दिवाण, लोखंडी कपाट आणि टीव्ही कसे बसवावेत?

उत्तर : खोली वाकडी दिसते ती भिंतीपेक्षा फरशीमुळे. फरशी उजव्या भिंतीला गुण्यात धरून बसवलेली असणार. १९ फुटांत ३ फूट म्हणजे फुटामागे जवळपास २ इंच तिरपेपणा. साडेसहा फुटी सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशीची रेघ फूटभर सरकते, आणि नजर नेमकी तिथेच अडते. तेव्हा लांब सामान सगळं उजव्या भिंतीला घ्या. तिरप्या भिंतीलगत फक्त जायची-यायची वाट ठेवा. वाट मागे रुंदावत गेली तरी कुणाला खटकत नाही. (गोमुखी घर शुभ म्हणतात, सोफ्याला ते कळत नाही.)

आता पुढून मागे मोजत चला. खिडकीजवळचे पहिले ३ फूट मोकळे. कूलरचा ओलावा लागला की पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) फुगतो आणि कडेची पट्टी सुटते. तिथे फार तर प्लॅस्टिकचं स्टूल. मग सोफा. त्याच्यापुढे १६ इंच सोडून १८ इंच रुंदीचा टीपॉय ठेवला, तरी पलीकडे अडीच फुटांहून जास्त वाट उरते. सोफ्यानंतर अर्धा फूट सोडून कपाट. समोर भरपूर जागा आहे, दारं पूर्ण उघडतील. दिवाण मागच्या भिंतीला आडवा, उजव्या कोपऱ्यात. कपाट आणि दिवाणामध्ये सुमारे ३ फूट राहतात, तेवढे उठ-बस करायला लागतातच. टीव्ही सोफ्यासमोर तिरप्या भिंतीवर, पण फिरत्या ब्रॅकेटवर, म्हणजे सोफ्याकडे आणि दिवाणाकडे दोन्हीकडे वळवता येतो. ब्रॅकेटचं भोक विटेत पाडा. सांध्यात फाशनर (स्क्रू पकडणारी खुंटी) धरत नाही.

सामान हलवण्याआधी हे सगळं फरशीवर खडूने आखून एक दिवस त्यातून वावरा. तांब्या-पेला हातात घेऊन स्वयंपाकघरातून दारापर्यंत चाललात की चुकलेली जागा लगेच कळते.

मातीच्या भिंतीपासून सामान २ इंच सुटं ठेवा. लाकूड टेकलं तर वाळवी आतून चढते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कपाट बसवताना पाणसळ (सपाटी बघायचं बुडबुड्याचं साधन) लावा. फरशीला दाराकडे उतार असला तर कपाट तिरकं उभं राहतं, दोन दारं वर-खाली होतात, कुलूप लागत नाही. बिजागऱ्या ठोकत बसू नका, खालच्या पायाखाली पत्र्याची चकती सारा.

मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की कूलर लावून दारं बंद करायची सवय मोडा. मागचं दार किंवा खिडकी उघडी नसेल तर दमट हवा आतच कोंडते.

प्रश्न : भुसावळच्या फ्लॅटमध्ये १० बाय १० च्या खोलीत कोपऱ्यातला कॉलम ९ इंच पुढे आलाय. भिंतभर कपाट करता येईल का?

उत्तर : येईल. हँगरला आतून २२ इंच खोलपणा लागतो, कॉलमपुढे १३ इंचच उरतात. तेवढ्या भागात घडीच्या कपड्यांचे कप्पे करा, दांडी उरलेल्या भागात. सुताराला माप खाली, मध्ये आणि वर अशा तीन ठिकाणी घ्यायला लावा; कॉलम ओळंब्यात (वरून खाली सरळ) असेलच असं नाही. सगळ्यात कमी माप धरून कपाट करा, फट वरून पट्टीने झाका.