दालनाला नाव कुणाचं?

प्रश्न : नागपुरात धरमपेठेत आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. एका फायनान्स कंपनीच्या दिवंगत मालकाचं कुटुंब आम्हाला चाळीस चित्रं आणि दालनासाठी २५ लाख रुपये देतंय. अट एकच, दालनाला त्यांचं नाव. त्या कंपनीत आमच्याच काही सभासदांच्या ठेवी बुडाल्या आहेत. काय करावं? – एक विश्वस्त

उत्तर : चित्रं, पैसे आणि नाव यांचे तीन वेगळे ठराव घ्या. एकत्र घेतले, तर चित्रांच्या मोहात नावही मंजूर होऊन जातं.

आधी कायदा बघा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९चा एमपीआयडी कायदा आहे. जप्त मालमत्तेतून ठेवी फिटत नसतील आणि काही मालमत्ता प्रामाणिकपणे, मोबदला घेऊन दिलेली नसेल, तर ती घेणाऱ्यावरही कलम ८खाली जप्ती येऊ शकते. देणगीत मोबदला नसतोच. म्हणून गुन्हा किंवा जप्तीची अधिसूचना आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्या. असेल, तर चित्रं नुसती सांभाळायलासुद्धा घेऊ नका.

नसेल, तर एकेक चित्र उलटं करून बघा. मागे गॅलरीची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक, फ्रेमवाल्याचा शिक्का सापडतो. पाठीवर नवंकोरं प्लायवूड ठोकलेलं दिसलं, तर जाणत्या माणसाकडून काढून घ्या. चिठ्ठी त्याखाली असू शकते. मग चित्र विकत घेतल्याच्या बिलाची तारीख आणि ठेवी घेतल्याचा काळ शेजारीशेजारी लिहा. बिल कंपनीच्या नावाचं निघालं, तर ते चित्र कुटुंबाचं नाहीच, ते देणार कसं?

यात चित्राचा काही दोष नसतो. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडेंचं १९७३चं एक चित्र मार्च २०१९मध्ये मुंबईत २५.२४ कोटींना विकलं गेलं. ते नीरव मोदीच्या संग्रहातलं. लिलाव आयकराच्या वसुलीसाठी होता. चित्राचा मान राहिला आणि पैसा देणं वसूल करायला गेला. हे आम्हाला योग्य वाटतं.

पैसे ठेवीदारांचं देणं फिटेपर्यंत नकोत. नाव तर मुळीच नको. ऑक्सिकॉन्टिन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या व्यवसायातून गब्बर झालेल्या सॅकलर कुटुंबाचं नाव पॅरिसच्या लूव्रनं २०१९मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०२१मध्ये उतरवलं, तेही रुग्णांच्या आप्तांनी आणि कलावंतांनी आंदोलनं केल्यावर. तुमच्याकडे तर ज्यांचे पैसे बुडाले, ते रोज पेपर वाचायला येतात.

चित्रं घेतलीच, तर प्रत्येकाखाली साधं कार्ड लावा: चित्रकार, साल, कुणी दिलं, केव्हा दिलं. आणि सभासदांपैकी ज्यांच्या ठेवी बुडाल्या, त्यांना ठराव मांडण्याआधी बोलावून चित्रांची आणि बिलांच्या तारखांची यादी दाखवा.