‘मी करतोय, पण होत नाही’

प्रश्न : वडिलांना (वय ६४) पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. चालायला लागलेत, पण उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत. मेंदूत काय चाललंय ते त्याच वेळी यंत्रावर पाहून व्यायाम बदलत नेतात, असं वाचलं. बाबांना त्याचा फायदा होईल का? ते म्हणतात, “मी करतोय, पण होत नाही,” आणि चिडून व्यायाम सोडतात.

उत्तर : बाबांचं ते वाक्यच कळीचं आहे. बोट हललं नाही, तर पेशंटने खरंच जोर लावला होता की नाही, हे इतकी वर्षं फिजिओथेरपी करूनही मला नुसतं बघून सांगता येत नाही. या तंत्राचा खरा उपयोग तिथे आहे.

हात हलवायचं नुसतं मनात आणलं, तरी मेंदूच्या हालचालीच्या भागातली एक विद्युत लय दबते. सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांची ही लय ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या, टोपीतून टिपता येते. लय दबली, की त्याच क्षणी हातावरचं यंत्र बोटं उघडून देतं. प्रयत्न आणि हालचाल बरोबरच घडली, तर मेंदूला दोन्हींची सांगड घालता येते. लय दबतच नसेल, तर आम्ही व्यायाम सोपा करतो किंवा सरळ विश्रांती देतो. मात्र दात आवळले, की स्नायूंचीच खरखर ईईजीत शिरते. आणि चिडलेला माणूस दात आवळतोच!

‘फंक्शनल’ एमआरआयमधून मेंदूच्या आत काय चाललंय ते जास्त नेमकं दिसतं, पण तो रक्तपुरवठ्यातला बदल टिपतो आणि तो बदल पाच-सहा सेकंद मागे असतो. मी स्वतः एकदा स्वयंसेवक म्हणून त्यात झोपलो होतो. मनातल्या मनात मूठ वळत होतो. मेंदूचं काम दाखवणारी पडद्यावरची पट्टी वर चढली, तोवर माझं लक्ष नाकाला सुटलेल्या खाजेकडे गेलं होतं! रोजच्या व्यायामाला म्हणूनच टोपी बरी.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०२१मध्ये परवानगी दिलेलं एक उपकरण मेंदूच्या निरोगी बाजूचे संकेत वाचून हाताची बोटं हलवतं. ती परवानगी झटक्याला सहा महिने होऊन गेलेल्यांसाठी आहे, म्हणजे उशीर झाला असं समजू नका. पण ही जोड आहे, रोजच्या सरावाची जागा ती घेत नाही. मेंदूकडून हाताकडे जाणारे तंतू किती शाबूत आहेत, यावरही बरंच ठरतं.

बाबांच्या फिजिओथेरपिस्टना विचारा, की बोटं उघडणाऱ्या स्नायूत ईएमजीवर (स्नायूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी) थोडीतरी हालचाल दिसते का. दिसली, तर ती बाबांना पडद्यावर बघू द्या. आणि घरी व्यायामाच्या वेळी कोपरापासूनचा हात टेबलावर नीट टेकवा. खांद्याला हाताचं वजन पेलावं लागलं, की बोटं आणखी मिटतात.