कानांच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

प्रश्न : वडिलांना (वय ६८) दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं, रात्री कानात शिट्टीसारखा आवाज येतो. जाहिरात पाहून त्यांनी ‘कानाच्या नसांसाठी’ म्हणून कॅप्सूल मागवल्यात. त्यात जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मॅग्नेशियम, बी-१२ आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल चालू आहे. कॅप्सूल दिल्या तर चालतील?

उत्तर : डबा सध्या बंदच राहू द्या. मुख्य अडचण जिंकोची. क्लोपिडोग्रेलमुळे रक्त उशिरा गोठतं, त्यात जिंकोची भर पडली की रक्तस्रावाचा धोका वाढतो. काही कॅप्सूल पोटात गेल्या असतील तर हृदयरोगतज्ज्ञांना डबा दाखवा. क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःच्या मनानं एक दिवसही चुकवायची नाही. स्टेंटमध्ये (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत) गुठळी होऊ शकते.

एवढं करून हाती काय लागणार? अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत, गोळीनंही नाही. कानातल्या आवाजासाठी जिंको, झिंक, मेलाटोनिन सुचवू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ सालीच सांगितलंय. डबा फिरवून बघा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे हेल्थ सप्लिमेंटवर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना छापावीच लागते. जाहिरातीत ती शोधून सापडायची नाही!

बी-१२ चं वेगळं आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, त्यातून माणूस शाकाहारी असेल, तर ते बऱ्याचदा कमी पडतं. पण आधी रक्त तपासा, मग गोळी. उलट केलंत तर रिपोर्ट चांगला येतो आणि मूळची कमतरता झाकली जाते. मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर भरून काढावंच. कान सुधारले नाहीत तरी हातापायांच्या नसांसाठी ते हवं. झिंक सगळ्या डब्यांतलं आणि जेवणातलं मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर नको. महिनोन्‌महिने जास्त गेलं तर शरीरातलं तांबं घटून अ‍ॅनिमिया होतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं.

आता करायचं काय, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ आणि पडदा बघून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची आलेख काढणारी तपासणी. आलेख दोन्ही कानांत उजवीकडे, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांकडे, उतरत गेला असेल तर ते बहुधा वयाचं. अशा वेळी स, श, फ निसटतात, म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार असते. त्यावर श्रवणयंत्र, तेही आलेखाप्रमाणे प्रोग्रॅम केलेलं. बाहेरचे आवाज नीट पोचू लागले की अनेकांना आतली शिट्टीही कमी जाणवते. आवाज एकाच कानात असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. कधी एमआरआय लागतो.

प्रश्न : पत्नीचा डावा कान परवा सकाळी अचानक बंद झाला. मळ असेल म्हणून लसणीचं तेल घालतोय, मल्टिव्हिटॅमिनही सुरू केलंय. किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : एकही नाही. तेल थांबवा, पडद्याला भोक असेल तर ते आत उतरतं. आजच डॉक्टर गाठा. मळ नसेल आणि ऑडिओमेट्रीत नसेमुळे ऐकू येणं कमी झालेलं दिसलं तर स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं. पत्नीला मधुमेह असेल तर तिथं आधी सांगा, कारण स्टेरॉइडनं साखर चढते.