पाव, पाव आणि पाव

प्रश्न असा आहे: "पीठ पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात, असं आजी सांगायची. शाळेतले एक सर म्हणायचे, लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव. खरं कोणतं? आणि 'देवा, पाव रे' म्हणतो तो पाव यातलाच का?"

खाण्याच्या पावाचा पायाशीही संबंध नाही आणि चौथ्या हिश्श्याशीही नाही. तो शब्द पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे त्याचा उच्चार साधारण 'पांउ' असा, नाकातून होतो. त्याच्या मागे लॅटिन 'पानिस' आहे. लॅटिनमधला 'न' पोर्तुगीजांच्या तोंडी नुसता अनुनासिक होऊन राहिला, मराठीत तोही गळाला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थ आला. पीठ फुगवायला तिथे माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. गोव्यात पाव भाजणाऱ्याला आजही पोदेर म्हणतात, आणि पोदेर हा शब्दही पोर्तुगीजच.

पायाने मळण्याची गोष्ट मला हिंदीकडून आलेली वाटते. मराठीत पायाला पायच म्हणतात, 'पाँव' हिंदीत. तिथे 'पावरोटी' ऐकली की पाँव आठवणारच. कुठे पीठ तसं मळतही असतील, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. याला मला सगळ्यात पटणारा पुरावा जपानमधला आहे. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोचले, आणि जपानी माणूस आजही पावाला 'पान' म्हणतो. तिथे ना पाँव, ना पावशेर. (त्या 'पान'चा आपल्या पानाशी काही संबंध नाही, आपलं पान संस्कृत 'पर्ण'मधून आलं.) आणि ज्याला आपण 'कंपनी' म्हणतो, त्या शब्दातही हा पानिस दडलेला आहे. एकत्र बसून पाव खाणारे ते सोबती, असा त्याचा मूळ अर्थ.

मग आजीच्या गोष्टीतला पाय कुठे गेला? तो 'पाव किलो'मध्ये आहे! मला या शब्दात सगळ्यात आवडतं ते हेच. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथा भाग. श्लोकाच्या चार चरणांपैकी एकाला पाद म्हणतात तो याच अर्थाने. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात सगळी भूतसृष्टी म्हणजे त्या पुरुषाचा एक पाद आणि उरलेले तीन पाद द्युलोकात, असं सांगितलं आहे. तिथेही हाच हिशेब.

'पाद'मधला 'द' प्राकृतात गळून 'पाअ' झालं. दोन स्वरांमधली ती फट बोलणाऱ्यांनी कधी 'य'ने भरली, कधी 'व'ने. म्हणून एकाच शब्दाचे आपल्याकडे दोन झाले: चालायचा तो पाय, मोजायचा तो पाव. 'राजा'चे राय आणि राव झाले ते याच वाटेने. पाऊण म्हणजे पादोन, पावभर कमी. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. चार आण्यांची पावली आणि जुन्या शाळांतली पावकी, म्हणजे पावाचा पाढा, याच घरातली. तेव्हा सरांचा चौथा हिस्सा आणि आजीचा पाय ही एकाच शब्दाची दोन टोकं आहेत, फक्त तो शब्द बेकरीतला नव्हे.

देवाला घातलेली हाक तिसरीच. संस्कृत 'प्राप्' म्हणजे पोचणे, मिळणे. त्याचं प्राकृतात 'पावइ' झालं आणि मराठीत पावणे. दोन स्वरांमधल्या 'प'चा 'व' होणं आपल्याकडे नेहमीचं आहे: दीप आणि दिवा, ताप आणि ताव. गणपतीच्या आरतीत 'संकटी पावावे' म्हणतो तेव्हा आपण देवाला, 'ये, आमच्यापर्यंत पोच' असंच म्हणत असतो. नवसाला पावणं, मरण पावणं, लोप पावणं यांतही काहीतरी गाठणं किंवा मिळणं आहे. 'आजपावेतो' म्हणजे आज येऊन पोचेपर्यंत. पैसे पोचल्याचा कागद तो पावती. 'पोचपावती' म्हणताना आपण एकच अर्थ दोनदा सांगतो. हिंदीतल्या पावरोटीचंही तसंच झालं आहे, तिथे रोटीला रोटी जोडली आहे.

दुकानात 'पाव पाव द्या' म्हटलं तर पहिला पाव संस्कृतातून आलेला आणि दुसरा लॅटिनमधून. कानाला मात्र दोन्ही सारखेच.