वाचकांचे प्रश्न : पंगतीनंतरच्या उलट्या

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या सभागृहात शनिवारी दुपारी लग्नाची पंगत झाली. रविवार सकाळपासून बऱ्याच पाहुण्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. सगळ्यांनी श्रीखंडाला दोष दिला. आम्ही फिनेलने हॉल धुऊन घेतला. पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं?
– व्यवस्थापक, मुलुंड

उत्तर : श्रीखंडात स्टॅफिलोकॉकस या जिवाणूचं विष झालं असतं, तर उलट्या जेवणानंतर 1 ते 6 तासांतच, म्हणजे शनिवारी संध्याकाळपर्यंत सुरू झाल्या असत्या. 12 ते 48 तासांनी सुरू होऊन एक-तीन दिवसांत आपोआप थांबल्या, तर पहिला संशय नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूचा.

वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य खात्याला त्याच दिवशी कळवा. उरलेलं अन्न आणि बर्फ फेकू नका. पाच-सहा आजाऱ्यांच्या शौचाचे नमुने पहिल्या 48 ते 72 तासांत घेतले जावेत.

मग पाहुण्यांची यादी घ्या आणि आजारी न पडलेल्यांनाही विचारा. बहुतेक तपास इथेच फसतात. 40 आजाऱ्यांपैकी 36 जणांनी श्रीखंड खाल्लं, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ठणठणीत असलेल्यांनीही ते खाल्लेलंच असतं. पण समजा, कोशिंबीर खाणाऱ्या 80 पैकी 36 आजारी पडले (45%) आणि न खाणाऱ्या 60 पैकी फक्त 4 (7%), तर शोध कोशिंबिरीकडे वळवा. ती शिजत नाही, हातानेच कालवली जाते. कार्यक्रमात कुणी हॉलमध्येच ओकलं होतं का, तेही विचारा. उलटीचे बारीक तुषार आजूबाजूला बसलेल्यांपर्यंत पोचतात, मग त्यांनी काहीही खाल्लेलं असो.

फिनेलवर विसंबू नका. 1 लिटर पाण्यात 15 ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घातली की साधारण 5000 पीपीएम (दहा लाख भागांत 5000 भाग) क्लोरीन मिळतं. हातमोजे, मास्क घालून आधी उलटी टिपून घ्या, जागा साबणाने धुवा, मग द्रावण 10 मिनिटं ओलं राहू द्या. घाण तशीच ठेवून ओतलं तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतं. कड्या, नळ, फ्लशची बटणं विसरू नका. मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली पावडर लवकर कमजोर होते. संडासाच्या ॲसिडमध्ये ती कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

आजारी आचारी-वाढप्यांना उलट्या-जुलाब थांबल्यावरही 48 तास कामाला लावू नका, आणि त्या दिवसांची मजुरी द्या. रोजंदारी बुडणार असेल तर माणूस दुखणं लपवणारच.

प्रश्न : दाराशी सॅनिटायझर ठेवलं तर पुरेल का?
– वाचक, दादर

उत्तर : नाही. या विषाणूवर अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. साबण आणि वाहतं पाणी, किमान 20 सेकंद.