‘लिप सिंक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : एक वाचक ‘अमेरिकन बँडस्टँड’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमावरील इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करीत आहेत. रॉक अँड रोलचे सुरुवातीचे गायक या कार्यक्रमात ‘लिप सिंक’ करीत, असे मूळ लेखात आहे. त्यांनी ‘पार्श्वगायनावर गाणे सादर करीत’ असे लिहिले. ज्यांनी मसुदा तपासला त्यांनी ते खोडून ‘मूकाभिनय करीत’ असे केले. या दोहोंपैकी कोणते ग्राह्य धरावे?

माझ्या मते दोन्ही ग्राह्य नाहीत. त्याचे कारण शब्दकोशात शोधण्यापेक्षा त्या स्टुडिओत नेमके काय घडत असे, तिथून शोधणे बरे.

हा कार्यक्रम १९५२ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील एका स्थानिक वाहिनीवर सुरू झाला, १९५६ मध्ये त्याचे सूत्रसंचालन डिक क्लार्क यांच्याकडे आले आणि ५ ऑगस्ट १९५७ पासून एबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणी जाळ्यावरून तो देशभर दिसू लागला. शाळा सुटल्यावर आलेली मुले-मुली ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील गाण्यांवर नाचत आणि मधूनमधून एखादा गायक पाहुणा म्हणून येई. तो आला तरी तबकडी थांबत नसे. उलट त्याचीच ध्वनिमुद्रिका लावली जाई आणि तो मुलांसमोर उभा राहून तिच्यातील शब्दांप्रमाणे ओठ हलवी. हेच ‘लिप सिंक’. म्हणजे आवाज त्याचाच असे, पण तो त्या क्षणाचा नसे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कधीतरी आधी गायलेला असे.

यात फसवणूक होती असे मानण्याचे कारण नाही. स्टुडिओ लहान होता, नाचणाऱ्या मुलांमध्ये वादकवृंद बसवायला जागा नव्हती आणि रोजच्या कार्यक्रमासाठी वादक नेमणे खर्चाचे होते. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटणारे कारण निराळे आहे. या गाण्यांचा नाद मुळात तबकडीसाठी घडवलेला होता. अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या सन या ध्वनिमुद्रण स्टुडिओत आवाजामागे जो झटपट प्रतिध्वनी उमटे, तो दोन टेपयंत्रांच्या जोडणीतून आलेला असे. रॉक अँड रोल गायक बडी हॉली यांनी १९५७ मध्ये स्वतःच्याच आवाजाचे दोन थर एकमेकांवर चढवून एक गाणे मुद्रित केले होते. एकटा माणूस ते लोकांसमोर उभा राहून तसेच कसे गाणार? रेडिओवर ऐकून पाठ झालेला तोच नाद मुलांना हवा होता आणि तो केवळ तबकडीच देऊ शकत होती.

आता ‘पार्श्वगायन’ घेऊ. हा शब्द ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गाणाऱ्याच्या कामाला दिलेला आहे, पडद्यावर ओठ हलवणाऱ्याच्या कामाला नाही. ‘जगाच्या पाठीवर’ या १९६०च्या चित्रपटात सुधीर फडके यांचे गाणे राजा परांजपे यांच्या मुखी आहे. तेथे पार्श्वगायन फडके यांचे आहे. मग परांजपे यांनी काय केले? आपण सहज म्हणतो की गाणे ‘त्यांच्यावर चित्रित झाले’. हा प्रयोग मला फार उद्बोधक वाटतो. आपल्या चित्रपटसृष्टीत हे काम अनेक दशके रोज होत आले, तरी प्रमाण लेखनात त्याला स्वतंत्र क्रियापद घडले नाही. क्रिया कॅमेऱ्याकडे गेली आणि नट तिचे अधिकरण, म्हणजे क्रिया जेथे घडते ते ठिकाण, होऊन बसला. बँडस्टँडवरील गायकाबाबत ही सोय चालत नाही. तो समोर उभा आहे, स्वतःच्या नावाने आलेला आहे, त्यामुळे वाक्याचा कर्ता तोच हवा.

यावर कोणी किशोर कुमार यांचे उदाहरण देईल. ते पडद्यावर स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवीत आणि तरीही श्रेयनामावलीत त्यांचे नाव पार्श्वगायक म्हणून येई. हे खरे आहे, आणि बँडस्टँडच्या सर्वांत जवळ जाणारे आपल्याकडचे उदाहरण हेच आहे. पण तेथेही ‘पार्श्वगायक’ हे बिरुद ध्वनिमुद्रण करणाऱ्या किशोर कुमारांचे आहे, पडद्यावरच्या किशोर कुमारांचे नव्हे. शिवाय सामान्य मराठी वाचक ‘पार्श्वगायन’ वाचताच आवाज दुसऱ्याचा आहे असे गृहीत धरतो. अमेरिकी गायक चबी चेकर यांनी १९६० मध्ये गाजवलेले ‘द ट्विस्ट’ हे गाणे मूळ हँक बॅलार्ड यांचे होते. आपल्या अनुवादात ‘चेकर यांनी पार्श्वगायनावर ते सादर केले’ असे आले, तर तबकडीवरचा आवाज बॅलार्ड यांचा होता असा अर्थ निघेल. तो आवाज चेकर यांचाच होता, त्यांनी ते गाणे नव्याने मुद्रित केले होते.

‘मूकाभिनय’ कोठून आला असावा याचा तर्क करता येतो. ब्रिटिश लेखनात याच कृतीला ‘माइम करणे’ म्हणतात, आणि ‘माइम’ म्हणजे मूकाभिनय हे समीकरण आपल्याकडे पक्के झालेले आहे. पण मूकाभिनयात शब्द नसतात, हीच त्याची ओळख. येथे तर स्टुडिओ आवाजाने भरलेला असे. ‘डबिंग’ही उपयोगाचे नाही, कारण त्यात आधी चित्र असते आणि नंतर आवाज बसवला जातो. येथे क्रम उलटा आहे.

काही जण ‘ओष्ठमेळ’ किंवा ‘ओष्ठसंवाद’ असे शब्द सुचवतात. मला ते निर्जीव वाटतात. ‘ओष्ठसंवाद’ तर बहिऱ्या व्यक्तींच्या ओष्ठवाचनाकडे नेतो. ‘ओठ जुळवणे’ वाक्यातून सुटे काढले की भलताच अर्थ देते. ‘ओठ हलवणे’ मात्र अस्सल मराठी आहे. प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेतील मुले काय करतात ते सांगायला आपण ‘नुसते ओठ हलवतात’ असे म्हणतो. तेथे दूषण येते ते ‘नुसते’ या शब्दामुळे. तो गाळला तर उरलेले क्रियापद तटस्थ राहते. ओठ कशाप्रमाणे हलले हे सांगण्यासाठी ‘साथीने’ लिहू नये, कारण आपल्या संगीतात साथीदार गायकामागे जातो आणि येथे गायक तबकडीमागे जातो. त्यासाठी ‘बरहुकूम’ हा जुना शब्द मला नेमका वाटतो. त्यात कमी-जास्त न करता पाळण्याचा भाव आहे, आणि गायकाला खरोखरच एक श्वासही इकडचा तिकडे करता येत नसे. गिटार किंवा पियानोही असेल, तर ‘वाजवण्याचा अभिनय केला’ असे वेगळे सांगावे. ‘लिप सिंक’ या शब्दात हातांचा समावेश नाही.

आणखी एका ठिकाणी जपावे. मूळ लेखात ‘लाइव्ह’ हा शब्द दोन अर्थांनी आलेला असण्याची शक्यता आहे. त्या वर्षांत बँडस्टँडचे प्रक्षेपण थेट होत असे, पण गायन प्रत्यक्ष नसे. याउलट लंडनच्या ‘ओ बॉय!’ या कार्यक्रमात प्रक्षेपणही थेट होते आणि गायनही प्रत्यक्ष होते. लखनौमध्ये जन्मलेले ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड सप्टेंबर १९५८ मध्ये तेथेच प्रथम दूरचित्रवाणीवर झळकले. म्हणून प्रक्षेपणासाठी ‘थेट’ आणि गायनासाठी ‘प्रत्यक्ष’ अशी विभागणी आपण शेवटपर्यंत पाळावी.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘कार्यक्रमाचे प्रक्षेपण थेट होत असले, तरी पाहुणे गायक प्रत्यक्ष गात नसत, आपल्याच तबकडीबरहुकूम ओठ हलवून ते गाणे सादर करीत.’ पहिल्या उल्लेखाला असे पूर्ण लिहिल्यावर पुढे ‘लिप सिंक’ हा शब्द देवनागरीत वापरायला माझी हरकत नाही.