‘तीन वर्षांची थकबाकी मिळेल ना?’ निराधार अनुदान नेमकं कुठून मोजायचं

दिव्यांगांच्या अनुदानाबाबत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. नाशिकच्या पंचवटीतल्या एका ताईंनी तो असा विचारला: “ह्यांचे 39,000 रुपये सरकारकडे अडकलेत. कधी मिळतील तेवढं सांगा, त्याच्यावर उसनवारी केलीये.” सोबत दीर होते आणि त्यांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांच्या मते पैसे येत होते, पण वहिनी परस्पर खर्च करत होत्या. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

ताईंचे यजमान रिक्षा चालवायचे. ऑगस्ट 2022 मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. एप्रिल 2023 मध्ये जिल्हा रुग्णालयातून 60 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. जूनमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज गेला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो मंजूर झाला. दहा महिने दरमहा 1,500 जमा झाले आणि नोव्हेंबरनंतर बंद पडले. घरच्यांचा हिशोब सरळ होता: झटक्यापासूनचे 36 महिने गुणिले 1,500 म्हणजे 54,000, त्यातून मिळालेले 15,000 वजा केले की उरले 39,000.

या हिशोबात एक चूक लगेच दिसते. जुलै 2023 पूर्वी अनुदान 1,500 नव्हतंच, 1,000 होतं. थकलेल्या महिन्याला त्या महिन्याचा दर लागतो, आजचा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान 2,500 करायचा निर्णय घेतला, तेव्हा मागचे सगळे महिने 2,500 ने मोजून आणणारे खूप जण भेटले. तसं होत नाही.

मोठी चूक सुरुवातीच्या तारखेत होती. या योजनेत पैसे दिव्यांगत्व आल्यापासून मोजत नाहीत, प्रमाणपत्राच्या किंवा अर्जाच्या तारखेपासूनही नाही. ते मोजतात मंजुरीपासून. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातो, छाननी होते, तालुका समितीच्या बैठकीत नाव मंजूर होतं आणि मंजुरीचा आदेश निघतो. बैठक लांबली तर मधले महिने गेले, ते परत मिळत नाहीत. म्हणून अर्ज देताना एकही कागद अपुरा ठेवू नये: 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला (दिव्यांगांसाठी कुटुंबाची वार्षिक मर्यादा 50,000 रुपये), राज्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, आधार, पासबुक. त्रुटी निघून अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला गेला की तेवढ्या महिन्यांचं अनुदान कायमचं बुडतं, आणि हे नुकसान कुठल्याच पासबुकात दिसत नाही.

“मग शेजारच्या पोराला कसे अपघातापासूनचे मिळाले? तो अंबडच्या कंपनीत होता,” ताईंनी विचारलं. रास्त प्रश्न. तो मुलगा ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा विमाधारक होता, त्याच्या पगारातून वर्गणी कापली जात होती. कामावर अपघात झाला तर ईएसआयसी आधी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ देते, मजुरीच्या 90 टक्के दराने. तो थांबल्यावर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात कायमचा लाभ मिळतो. दिवसाची मजुरी 600 असेल तर पूर्ण दर 540. घट 20 टक्के ठरली तर रोजचे 108 रुपये. मंडळाचा निर्णय यायला वेळ लागतो, पण लाभ मोजतात तात्पुरता लाभ थांबला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणून तिथे खरोखरच थकबाकी साचते आणि मिळतेही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी हा फरक नीट ध्यानात ठेवावा. अपघात कामावरचा असेल तर आधी ईएसआयसीकडे जायचं. स्वतःची रिक्षा चालवणाऱ्याला ते दार नाही.

मंजुरीनंतरचे महिने मात्र हक्काचे असतात. डिसेंबर 2024 ते ऑगस्ट 2025, असे 9 महिने, 13,500 रुपये. ते कुठे गेले हे शोधायचं होतं, आणि त्यासाठी टेबलावर पासबुक उघडलं.

खातं नवरा-बायकोचं संयुक्त. फेब्रुवारी 2024 पासून 1,500 च्या नोंदी. ऑगस्ट 2024 मध्ये एकदम 3,000 जमा, आणि पुढे काही महिने 1,500 च्या दोन-दोन नोंदी. डिसेंबरपासून एकच. दिरांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं: “हे बघा, येतायत की पैसे.” नोंदीचा मजकूर वाचल्यावर उलगडा झाला. ती रक्कम ताईंच्या लाडकी बहीण योजनेची होती. तेही 1,500 आणि हेही 1,500. एकाच पासबुकात दोन्ही आले की घरात संशय पेटायला वेळ लागत नाही. दीर गप्प झाले. त्या बाईने नऊ महिने काय ऐकून घेतलं असेल, हे त्यांनाही कळलं असावं.

अनुदान बंद पडण्याचं कारणही याच खात्यात होतं. डिसेंबर 2024 पासून निराधार अनुदान डीबीटीने, म्हणजे आधार क्रमांकावर जायला लागलं. त्याआधी ते खाते क्रमांकावर जात होतं, म्हणून अडचण आली नाही. संयुक्त खात्यावर डीबीटीसाठी एकाच व्यक्तीचं आधार जोडलं जातं. लाडकी बहीणच्या वेळी ताईंचं आधार तिथे जोडलं गेलं आणि यजमानांचं कुठल्याच बँकेशी जोडलेलं राहिलं नाही. बँकेत विचारलं तर “आधार लिंक आहे” असं उत्तर मिळायचं. ते खोटंही नव्हतं, केवायसीसाठी आधार दिलेलंच होतं. पण केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (आधारवर आलेले पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत बँकेचं नाव लागणं वेगळं. बँकेत जाऊन हेच शब्द वापरावेत: “एनपीसीआय मॅपिंग आमच्या या खात्याला आहे का?”

हे घरबसल्याही कळतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘माय आधार’मध्ये आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ (आधार कोणत्या बँकेशी जोडलंय त्याची स्थिती) उघडायचं. त्यात बँकेचं नाव, स्थिती चालू की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही. आधी आधार केंद्रावर ते काम उरकावं.

यजमानांची स्थिती ‘चालू’ निघाली, आणि बँकेचं नाव घरात कोणी ऐकलेलंही नव्हतं. एप्रिल 2025 मध्ये नवीन सिमकार्ड घेताना दुकानात अंगठा दिला होता, तेव्हाच एका पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं. डीबीटीचा पैसा आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं असेल तिथेच जातो. एप्रिल ते ऑगस्टचे 7,500 रुपये त्या खात्यात पडून होते. ते थकलेच नव्हते! खरी थकबाकी उरली डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांची, 6,000 रुपयांची.

7,500 काढून घेतल्यावर यजमानांच्या एकट्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडलं आणि आधार सीडिंगचा संमती अर्ज भरला. त्या अर्जात ‘पूर्वी दुसऱ्या बँकेत जोडलेलं आधार इकडे वळवावं’ असा पर्याय असतो, त्यावर खूण करून जुन्या बँकेचं नाव लिहायचं. ते राहून गेलं तर पैसे जुन्याच जागी जात राहतात. चार-आठ दिवसांनी स्थिती पुन्हा तपासून तिची छापील प्रत काढायची.

मग तहसीलदारांच्या नावे अर्ज. “माझी थकबाकी द्यावी” एवढ्या ओळीने काम होत नाही, कारण शाखेला तुमचे कोणते महिने नाकारले गेले ते शोधावं लागतं. मंजुरी आदेशाचा क्रमांक व तारीख, न मिळालेल्या महिन्यांची नावं, प्रत्येकापुढे रक्कम, दोन्ही खात्यांच्या त्या काळातल्या नोंदींच्या प्रती आणि सीडिंगची छापील प्रत, हे सगळं जोडायचं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नियमित हप्ता आधी सुरू होऊन मागचे महिने उशिरा आले तर घाबरायचं कारण नाही. पण चालू हप्ता आला म्हणजे मागचं आपोआप येईल असं समजून गप्पही बसू नये.

उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून महिनावार विचारावं: रक्कम पाठवली का, कोणत्या तारखेला, परत आली तर कारण काय. त्यासाठी 30 दिवसांची मुदत असते. त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्याचा अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो.

ताईंच्या उसनवारीमागे एक एजंट होता. “तीन वर्षांचं एकदम काढून देतो, आधी 10,000 द्या” म्हणून त्याने पैसे घेतले होते. मंजुरीपूर्वीचे महिने कोणीच काढून देऊ शकत नाही, मग बोली कितीचीही असो. आणि मंजुरीनंतरचे महिने मिळवायला लागतात ते वर सांगितलेले कागद, जे घरचं माणूस गोळा करू शकतं. थकबाकीच्या भरवशावर उसने घेऊ नयेत, हे प्रत्येक कुटुंबाला हात जोडून सांगावंसं वाटतं.

निघताना प्रमाणपत्र पुन्हा पाहिलं. अर्धांगवायूचं असल्याने ते तात्पुरतं होतं, खाली मुदत छापलेली होती एप्रिल 2026. ती तारीख उलटली तर अनुदान पुन्हा अडकू शकतं आणि या वेळी दोष बँकेचा नसेल. म्हणून फेरतपासणीचा ऑनलाइन अर्ज जानेवारीतच भरायचा ठरलं, हयातीच्या दाखल्याबरोबर.